म्हातारपणाचा पैसा : कुठे ठेवायचा, कसा जपायचा आणि पोरांच्या नावावर करताना काय बघायचं

अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा आणि उरण तालुक्यांतल्या वाचकांसाठी

आपल्या किनारपट्टीवर महिन्याच्या महिन्याला पेन्शन खात्यात पडते अशी घरं मोजकीच. शिक्षक, थळच्या आरसीएफमधून रिटायर झालेले, उरणच्या बंदरातले, एसटीतले, मुंबईच्या गिरणीत राबून गावी परत आलेले थोडे. बाकी सगळ्यांची पेन्शन म्हणजे वाडी, भाताचं खाचर, नाही तर होडी. सुपारीची चार-दोन पोती, नारळाचा पाड, आजीने वाळवलेली सुकट आणि बोंबील, यावर म्हातारपण निघायचं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं आणि ही पेन्शन एका दुपारी आडवी झाली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, नागाव, चौल इथल्या वाड्या ज्यांनी तेव्हा बघितल्या त्यांना वेगळं सांगायला नको. सरकारने बागायतीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली, पण आपल्याकडे वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. दहा गुंठ्याला पाच हजार. आणि सुपारी काय किंवा नारळ काय, लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं जातात. सत्तरीच्या माणसाने सात वर्षं थांबायचं कसं? तेव्हा लावलेली रोपं आता कुठे धरायला लागली आहेत.

दुसरीकडे जमिनीला भाव आलाय. मांडव्याची रो-रो २०२० ला सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ ला, खाली दिघी बंदराजवळ औद्योगिक वसाहत येतेय. ज्याने जन्मात लाखाची गड्डी हातात धरली नाही त्याच्या खात्यात एका दिवशी तीस-चाळीस लाख येतात. त्या दिवसापासून घरात माणसांची ये-जा वाढते. दलाल येतो, गाडीच्या शोरूमवाला येतो, विमा एजंट येतो, लांबचा भाचा येतो. म्हणून हा मजकूर थोडा सविस्तर लिहितोय. एका बैठकीत वाचून झाला नाही तर सेव्ह करून ठेवा.

पैसा कुठे ठेवायचा

याचं उत्तर आपल्या जिल्ह्याने दोनदा ठेच खाऊन शोधलंय. पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांतून पैसा बाहेर गेल्याचं पुढे तपासात आलं. ठेवीदार लाखाच्या वर होते. त्यावेळी ठेव विमा होता फक्त एक लाखाचा. ज्यांचे लाखाच्या आत होते त्यांना विम्याचा आधार तरी होता, ज्यांचे चार-पाच लाख होते ते वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. त्यातले बरेच पैशाची वाट बघतच गेले.

मग पनवेलची कर्नाळा नागरी बँक. तिचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला. तोपर्यंत, म्हणजे ४ फेब्रुवारी २०२० पासून, ठेव विमा पाच लाखांचा झाला होता. त्यामुळे सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल असं रिझर्व्ह बँकेनेच तेव्हा जाहीर केलं. एकाच जिल्ह्यातल्या दोन बुडालेल्या बँका, पण फरक केवढा. आता कायदा असाही आहे की बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांच्या आत द्यायची.

हा विमा कसा मोजतात ते समजून घ्या, कारण इथेच लोक चुकतात. एका माणसाचे एका बँकेत, त्या बँकेच्या सगळ्या शाखा धरून, बचत खातं, एफडी, आरडी आणि त्यावरचं व्याज असं मिळून पाच लाख. अलिबाग शाखेत पाच आणि रेवदंडा शाखेत पाच ठेवले तर विमा दहाचा होत नाही, पाचाचाच राहतो. वेगळी बँक असेल तर पुन्हा पाच लाख वेगळे. म्हणून एका बँकेत साडेचार लाखांच्या आसपास ठेवा, म्हणजे व्याज धरूनही तुम्ही आत राहता. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आणि बायकोच्या एकटीच्या नावावर असलेली ठेव वेगवेगळी धरली जाते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच नाही. बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचं तिच्यावर नियंत्रण नसतं. मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटी असेल तर तिची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. मी असं म्हणत नाही की पतसंस्था वाईट. गावात शंभर रुपयांची पिग्मी गोळा करायला आणि बी-बियाण्याला झटपट कर्ज द्यायला त्याच उभ्या राहतात. पण तिथला चेअरमन आपला सोयरा आहे किंवा पार्टीचा माणूस आहे हे ठेव ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. बोर्ड नीट वाचा. बोर्डावर 'बँक' शब्द नसेल तर पाच लाखांचं छत्र डोक्यावर नाही. जमिनीचे आलेले सगळे पैसे तिथे नेऊ नका, एक-दोन टक्के व्याज जास्त असलं तरी नको.

आणि त्याहून वरचं व्याज कुणी देत असेल, महिन्याला तीन टक्के, सहा टक्के, दुप्पट, तर हिशोब करायचीही गरज नाही. पर्ल्सच्या पीएसीएलमध्ये गावोगावच्या लोकांनी प्लॉटच्या नावाखाली पैसे भरले. सेबीने २०१४ ला पैसे परत द्यायला सांगितले आणि त्यानंतर लोक वर्षानुवर्षं पावत्या सांभाळत बसले. जानेवारी २०२५ मध्ये दादरच्या टोरेसच्या दुकानाबाहेर तशीच गर्दी दिसली. एजंट बहुधा ओळखीचाच असतो, तीच खरी अडचण. त्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही. तर असं म्हणा की, 'पोराला विचारून सांगतो.' पोरगा मुंबईला असला म्हणजे झालं.

पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना

वयाची ६० वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी ही मला सगळ्यात सरळ योजना वाटते. नाव : सीनियर सिटीझन सेव्हिंग्ज स्कीम. पोस्टात होते आणि बऱ्याच बँकांतही. कमीत कमी हजार रुपये, जास्तीत जास्त ३० लाख. मुदत पाच वर्षं, पुढे तीन वर्षं वाढवता येते. व्याज तीन महिन्यांनी खात्यात येतं. गेली काही वर्षं दर ८.२ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण तुम्ही ज्या दिवशी खातं उघडलं त्या दिवशीचा दर पाचही वर्षं तुम्हाला मिळतो.

हिशोब असा : दहा लाख ठेवले तर वर्षाला ८२ हजार, म्हणजे दर तिमाहीला २०,५००. महिन्याला साधारण पावणेसात हजार पडले. मुद्दल तसंच. दोन म्हाताऱ्या माणसांचा किराणा, औषधं, गॅस आणि लाईट बिल यात गावात निघू शकतं. घरात आजारपण मोठं नसेल तर.

मध्येच पैसे काढायचे झाले तर काढता येतात, पण वर्षाच्या आत काढले तर दिलेलं व्याज परत कापून घेतात. एक ते दोन वर्षांत काढले तर मुद्दलातून दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापतात. म्हणून सगळेच पैसे यात अडकवू नका. लाख-दीड लाख बचत खात्यात किंवा छोट्या एफडीत हाताशी पाहिजेत. दवाखाना तिमाहीचं कॅलेंडर बघून येत नाही.

साठीच्या आत असाल तर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. एकट्याच्या नावे नऊ लाख आणि जोडखात्यावर १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. ७.४ टक्के दराने नऊ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये येतात.

टीडीएसचं थोडक्यात : ज्येष्ठांचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज एक लाखाच्या आत असेल तर एप्रिल २०२५ पासून बँक टीडीएस कापत नाही. वर असेल आणि तुमचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर वर्षाच्या सुरुवातीलाच स्वयंघोषणेचा फॉर्म बँकेत द्यायचा. तो आजवर १५ एच म्हणून ओळखला जातो. जमीन विकली असेल तर मात्र रजिस्ट्रेशनच्या आधीच सीएकडे जाऊन या. खेडेगावातल्या शेतजमिनीचा नियम वेगळा आणि एनए प्लॉटचा वेगळा, आणि सही झाल्यानंतर विचारून उपयोग नसतो.

वारसदाराचं नाव लावलंय का, हे आज पासबुक उघडून बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे बँकेतून उचलून वारसांपर्यंत पोचवणारा. यावरून आपल्याकडे भावाभावांत कोर्ट-कचेऱ्या झाल्यात.

सरकारकडून हक्काचं काय मिळतं

श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत वय ६५ पाहिजे, १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं पाहिजे आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत पाहिजे. महिन्याला १,५०० रुपये मिळतात आणि आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. अर्ज तहसील कार्यालयात, संजय गांधी योजनेच्या शाखेत. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्या उत्पन्नात कुठलं कुटुंब जगतं हे ठरवणाऱ्यालाच ठाऊक, ही मर्यादा केव्हाच बदलायला हवी होती. पण ज्या विधवा आजीला खरंच कुणी नाही ती यात बसते आणि तिला फॉर्मच कुणी भरून दिलेला नसतो. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे थांबतात. अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत घरच्यांनी तहसीलमध्ये तसं आधीच कळवावं.

७० वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ही योजना २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, जुना बीपी-शुगर असला तरी चालतं. घरात दोन ज्येष्ठ असतील तर पाच लाख दोघांत मिळून. कार्ड मोबाईलवर आयुष्मान ॲपमधून निघतं, नाही तर आशाताईंना विचारा किंवा सीएससी केंद्रात जा. उपचार फक्त यादीतल्या दवाखान्यात, म्हणून आधी चौकशी करा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात त्यासाठी माणूस बसलेला असतो.

वय आधार कार्डावरून धरतात, आणि इथे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची गंमत आहे. निम्म्या गावाचा जन्म १ जानेवारीचा. शाळेत मास्तरने टाकली ती तारीख, किंवा आधार काढताना ऑपरेटरने. खरं वय ७२ आणि आधारवर ६६ असेल तर शाळेचा दाखला किंवा जन्माची नोंद शोधून आधार केंद्रात दुरुस्त करून घ्या. जन्मतारीख वारंवार बदलता येत नाही, तेव्हा एकदाच आणि नीट करा.

एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. महिलांना कोणत्याही वयात अर्धं. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वरच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच तीन हजार रुपये आहेत. पीएम किसानचे वर्षाला सहा हजार आणि राज्याच्या नमो शेतकरीचे सहा हजार तुम्ही घेतच असाल. ईकेवायसी राहिली म्हणून बंद पडले असतील तर कृषी सहायकाला धरा.

२० रुपये वार्षिक हप्त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा ७० वर्षांपर्यंत चालतो. अपघाती मृत्यूला दोन लाख. समुद्रावर जाणाऱ्यांनी आणि माडा-पोफळीवर चढणाऱ्यांनी तो घेतलेला नसेल तर उद्या बँकेत जा.

पोरांच्या नावावर करताना

आता खरा विषय. पैसा बँकेत बुडतो त्यापेक्षा जास्त म्हातारी माणसं घरात बुडतात. असं लिहिलं की काही वाचक रागावतील, पण प्रांत कार्यालयात येणारे अर्ज घरातूनच येतात.

नेहमीचा प्रकार असा. आई-बाप सत्तरीला आले की घर आणि वाडी मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करतात. 'नंतर कटकट नको' हे कारण. वर्ष-दोन वर्षं बरं चालतं. मग मुलगा तो तुकडा मुंबईच्या पार्टीला विकायला काढतो, कारण आता मालक तो आहे. आई-बाप पडवीत.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा २००७ चं कलम २३ यासाठीच आहे. ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणारा त्याची देखभाल करत नसेल तर प्रांताधिकाऱ्याकडचं न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. पण कलमात एक अट आहे. देताना 'देखभाल करायची' ही अट घातलेली असली पाहिजे.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आपल्या कामाचे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी या खटल्यात हरियाणातल्या एका आईने मुलींच्या नावे जमीन सोडून दिली होती. त्या दस्तात देखभालीची अट नव्हती, म्हणून कलम २३ लागू होत नाही असं कोर्टाने सांगितलं. मग २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात, मध्य प्रदेशातल्या आईने मुलाला घर बक्षीस दिलं होतं आणि मुलाने सांभाळायचं लिहून दिलं होतं. तो सांभाळत नव्हता. कोर्टाने बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबा आईला परत द्यायला लावला. हा कायदा म्हाताऱ्यांच्या बाजूने उदारपणे वाचावा असंही सांगितलं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की काय करायचं ते कळतं. बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र करायचंच असेल तर दस्तात स्पष्ट लिहून घ्या : लिहून घेणारा आई-वडिलांना हयातभर याच घरात ठेवील, जेवणखाण, औषधपाणी आणि देखभाल करील, न केल्यास हा दस्त रद्द करण्याचा अधिकार लिहून देणाऱ्यास राहील. दस्त लेखनिक म्हणेल, 'काका, घरातल्या घरात कशाला?' तरी लिहायला लावा. मुलगा चांगला असेल तर त्याला या ओळीचा त्रास होणार नाही.

त्याहून चांगलं म्हणजे हयात असेपर्यंत काहीच नावावर करू नका, मृत्युपत्र करा. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, कोऱ्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला मालमत्ता मिळणार त्याला साक्षीदार करू नका. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे करून घेतली तर पुढचे वाद कमी होतात. विचार बदलला तर नवं करता येतं, शेवटचं ते खरं. गावच्या डॉक्टरकडून 'शुद्धीत आणि समजून सही केली' असा दाखला जोडला तर उत्तम. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या मुस्लिम वाचकांनी लक्षात ठेवावं की वसीयत एक तृतीयांशापर्यंतच करता येते, त्यापुढे वारसांची संमती लागते.

ज्यांनी आधीच सगळं देऊन टाकलं आणि आता उपाशी आहेत त्यांनाही वाट आहे. याच कायद्याखाली प्रांताकडे निर्वाहाचा अर्ज करता येतो. महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. साध्या कागदावर अर्ज चालतो आणि नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो. मूल नसेल तर ज्या नातेवाइकाला पुढे मालमत्ता मिळणार आहे त्याच्यावरही दावा करता येतो. म्हाताऱ्या आई-बापाला मुद्दाम टाकून देणं हा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरी लोक जात नाहीत. 'पोराला कोर्टात खेचलं' असं गाव म्हणेल याची भीती. प्रांत पहिल्यांदा दोघांना बसवून समजूत घालायचा प्रयत्न करतात, पुष्कळदा तिथेच मिटतं.

जामीन राहण्याबद्दलही सांगून टाकतो. पुतण्याच्या बोटीच्या इंजिनाला किंवा जावयाच्या टेम्पोला जामीन म्हणून सही केली की कायद्याने तुम्ही कर्जदाराच्या बरोबरीचे. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडे सरळ येऊ शकते, आधी त्याच्यामागे लागायचं तिच्यावर बंधन नाही. साठीनंतर कुणालाच जामीन राहू नका. आणि जमिनीच्या व्यवहारात दलालाला कुलमुखत्यारपत्र देऊन घरी बसू नका. तब्येत ठीक नसेल तर घरातल्या माणसाला द्या आणि ते फक्त त्या एका व्यवहारापुरतं लिहून घ्या. वर्षातून दोनदा आपला सातबारा मोबाईलवर काढून बघायचा. फेरफाराची नोटीस आली आणि तुम्हाला मान्य नसेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

फोनवरचे चोर

स्मार्टफोन घराघरात आला, त्याबरोबर हेही आले. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन किंवा पीएम किसानची यादी म्हणून एक फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. ती दाबली की फोनमध्ये एक ॲप बसतं आणि तुमचे ओटीपी दुसरीकडे जायला लागतात. ओळखीच्या नंबरवरून आली तरी दाबू नका. त्याचाही फोन आधी गेलेला असू शकतो.

'तुमच्या नावाने पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, डिजिटल अटक केली आहे, व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही.' डिजिटल अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. कुठलाही पोलीस, सीबीआय किंवा जज व्हिडिओवर पैसे मागत नाही. फोन कट करा आणि शेजाऱ्याला हाक मारा. यात शिकलेले लोकही फसतात, कारण चोर एकटं पाडतो आणि कुणाला सांगू नका म्हणतो.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो. घेताना कधीच लागत नाही. नारळ नाही तर सुकी मच्छी विकत घेतो म्हणून कुणी क्यूआर पाठवला आणि 'स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील' म्हणाला, तर पैसे जाणार आहेत.

अंगठ्याचं वेगळं आहे. आधारवर अंगठा लावून पैसे काढून देणारे सगळेच चोर नसतात, उलट मुरुडच्या डोंगरातल्या वाडीवर त्यांच्यामुळेच सोय झाली. पण 'मशीन चालेना, परत लावा' असं दोन-तीनदा म्हटलं तर लगेच पासबुक भरून बघा. दर वेळी पावती मागा. एम-आधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, लागेल तेव्हाच उघडायचं. ज्यांना बाहेर पडवत नाही त्यांनी पोस्टमनला विचारावं. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन पैसे देतो आणि पेन्शनचा हयातीचा दाखलाही करून देतो.

पैसे गेलेच तर १९३० ला फोन. नंतर जेवा, नंतर रडा, आधी १९३०. पहिल्या तासा-दोन तासांत चोराच्या खात्यातले पैसे गोठवता येतात, दुसऱ्या दिवशी ते दहा खात्यांतून निघून गेलेले असतात. मग बँकेला कळवा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. तुमची चूक नसताना बाहेरच्याने पैसे काढले आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, म्हणून तेव्हाही उशीर नको. बँक ३० दिवसांत दाद देत नसेल तर १४४४८ वर विचारून लोकपालाकडे तक्रार करता येते.

हात चालते ठेवायचे तर

साठीनंतर कामातून मोकळं होणं आपल्याकडे कुणाला जमत नाही आणि जमूही नये. पण कामाची जात बदलायला हवी. पोफळीवर चढणं, नांगर, पहाटेची खाडीतली जाळी हे सोडा. वाडीचा पाड वर्षाच्या बोलीने मक्त्याने द्या, चार ओळी लिहून आणि अर्धे पैसे आधी घेऊन. चढणारा माणूस शोधायचा ताप आणि पडायची भीती दोन्ही त्याच्या अंगावर.

बसून होणारी कामं आपल्या भागात पुष्कळ आहेत. कार्ले, खंडाळे, नेहुलीच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ ला जीआय मिळालं, तेव्हापासून माळांना मुंबईकर भाव देतात. माळ विणणं तरुण पोरांना जमत नाही, ते जुन्या हातांचं काम. सुपारीची आणि नारळाची रोपं पिशवीत तयार करणं हा दुसरा उद्योग. निसर्ग वादळानंतर रोपांना मागणी कमी झालेली नाही. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे श्रीवर्धनी जातीबद्दल विचारा. कडवे वाल सोलणं, सुकट निवडून पाव किलोच्या पिशव्या भरणं, नागाव-काशीद-दिवेआगरला घरगुती खोल्यांच्या पाहुण्यांना मोदक आणि तांदळाची भाकरी करून देणं, यात महिन्याला दोन-चार हजार सुटतात. ते पैसे आजीच्या स्वतःच्या खात्यात गेले पाहिजेत, सुनेच्या किंवा मुलाच्या यूपीआयवर नाही. पाहुणे पैसे देताना क्यूआर कुणाचा लावलाय ते बघा.

कर्ज काढून साठीनंतर नवा धंदा टाकू नका. कॉटेज बांधायला घर गहाण ठेवलेली उदाहरणं किनाऱ्यावर आहेत. पर्यटक शनिवार-रविवारी येतो, पावसात येत नाही, बँकेचा हप्ता मात्र जुलैमध्येही येतो.

घरात एक वही करा. बँकांची नावं, पोस्टाचं पासबुक नंबर, विम्याची पॉलिसी, सातबाऱ्याचे गट नंबर, कुणाला किती उसने दिले, मृत्युपत्र कुठे ठेवलंय. पिन आणि पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत. वही कुठे आहे ते एका माणसाला सांगून ठेवा, दोघांना सांगितलं तर आणखी बरं. जुनी खाती विसरली असतील तर दहा वर्षं न वापरलेल्या खात्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण ते वारसाला परत मिळतात. उद्गम नावाच्या रिझर्व्ह बँकेच्या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. गिरणीत असताना लालबाग-परळला उघडलेली खाती अशीच पडून आहेत, वडिलांचं नाव टाकून बघा.

सायबर फसवणूक १९३०. पोलीस ११२. ज्येष्ठांसाठी एल्डरलाईन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, फोन फुकट आणि मराठीत बोलता येतं. घरात मारहाण, उपासमार, पेन्शन अडकणं किंवा कायद्याची माहिती, कशासाठीही चालतो. हे तीन नंबर मोठ्या अक्षरात लिहून देव्हाऱ्याजवळ नाही तर टीव्हीच्या बाजूला चिकटवा, फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर चष्म्याशिवाय सापडत नाही.